टिक केलेल्या कामांचं पुढे काय? टू-डू अ‍ॅप नव्याने वापरणाऱ्यांसाठी

कामांची यादी अ‍ॅपमध्ये कशी लिहावी हे सांगणारे पुष्कळ भेटतात. काम उरकलं, गोलावर बोट ठेवलं, ओळ खोडली गेली, की त्या ओळीचं पुढे काय करायचं हे मात्र कोणी सांगत नाही. मग काही जण झालेली कामं तशीच साठू देतात आणि महिन्याभरात यादी उघडायचाच कंटाळा येतो. काही जण सगळं पुसून टाकतात आणि पुढच्या चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, ‘मंडपवाल्याला गेल्या वर्षी आगाऊ किती दिले होते?’ असं घरभर विचारत फिरतात.

गोव्यात फोंडा तालुक्यातलं आमचं घर, पर्यटकांना भाड्याने द्यायच्या खोल्या आणि देवळाच्या जत्रेला होणारं वाड्यावरच्या मंडळाचं नाटक, हे सगळं मी फोनमधल्या यादीवर चालवते. मंडळात दर वर्षी नवी मुलं येतात, कामं वाटून घेतात आणि यादी हातात आल्यावर त्यांना तेच प्रश्न पडतात. हा लेख त्यांच्यासाठी आणि त्यांच्यासारख्या सगळ्यांसाठी. माझं सांगणं एवढंच आहे की टिक करण्याआधीचा एक क्षण नीट वापरलात, तर झालेल्या कामांची यादी घरच्या जमाखर्चाच्या वहीसारखी उपयोगी पडते. तो क्षण गेला की मग तपशील कुठेच सापडत नाही.

उदाहरणं मी गूगल टास्क्स, गूगल कीप, मायक्रोसॉफ्ट टू डू, टोडोइस्ट, टिकटिक आणि अ‍ॅपल रिमाइंडर्स यांची दिली आहेत. अपडेट आलं की बटणं इकडची तिकडे होतात, पण नावं बहुधा तीच राहतात. अ‍ॅपची भाषा इंग्रजी आहे असं धरून मेनूतले शब्द लिहिले आहेत.

सुरुवात करण्याआधी जवळ काय हवं

- एकच अ‍ॅप. दोन अ‍ॅपमध्ये कामं विभागली की झालेलं काम कुठे टिक केलं हेच आठवत नाही.
- ज्या खात्यावर ते अ‍ॅप चालतं त्याचा पासवर्ड आणि रिकव्हरीसाठी दिलेला नंबर. तो नंबर अजून चालू आहे ना, ते तपासा.
- पावत्यांचे फोटो ठेवायला फोनमध्ये किंवा ड्राइव्हवर एक फोल्डर, आणि कागदी पावत्यांसाठी एक फाईल.
- वर्षाची नोंद ठेवायला एक स्प्रेडशीट. कागदी वही चालणारी असेल तर वही.
- एक निवांत अर्धा तास. दुपारी जेवण झाल्यावरचा बरा.

१. टिक केलेलं काम जातं कुठे, ते आधी पाहा

खरी कामं टाकण्याआधी ‘चाचणी’ नावाचं एक काम लिहा. त्याच्या तपशिलात ‘निळी फाईल’ असे दोन शब्द टाका. टिक करा. आता ते शोधून काढा, उघडा, तपशील तसाच आहे का पाहा आणि टिक काढून परत यादीत आणा. फोनवर एकदा आणि कॉम्प्युटरवर एकदा.

गूगल टास्क्समध्ये यादीच्या तळाशी ‘कम्प्लीटेड’ असा मिटलेला भाग असतो आणि शेजारी आकडा असतो. त्यावर दाबलं की झालेली कामं उलगडतात. तारीख टाकलेली कामं गूगल कॅलेंडरवरही खोडलेली दिसतात. दिसत नसतील तर कॅलेंडरच्या व्ह्यू सेटिंगमध्ये ‘शो कम्प्लीटेड टास्क्स’ बंद असेल.

मायक्रोसॉफ्ट टू डू मध्येही प्रत्येक यादीखाली ‘कम्प्लीटेड’ असतं. शिवाय सेटिंगमध्ये जाऊन ‘कम्प्लीटेड’ नावाची स्वतंत्र यादी चालू करता येते, तिथे सगळ्या याद्यांमधली झालेली कामं एकत्र दिसतात. ती चालू कराच. या अ‍ॅपमध्ये नवे लोक आणखी एका गोष्टीने घाबरतात. ‘माय डे’ रोज रात्री रिकामं होतं, त्यामुळे कामं पुसली गेली असं वाटतं. पुसलेलं काही नसतं. कामं आपापल्या मूळ यादीत असतात, फक्त ‘आज’मधून उतरलेली असतात.

टोडोइस्टमध्ये टिक केलं की ओळ नजरेआडच होते. प्रोजेक्टमध्ये दिसण्याचे पर्याय उघडून ‘कम्प्लीटेड टास्क्स’ चालू केलं की ती खाली दिसू लागते. अ‍ॅपल रिमाइंडर्समध्ये यादी उघडून तीन ठिपक्यांवर ‘शो कम्प्लीटेड’. टिकटिकमध्ये डावीकडच्या पट्टीत ‘कम्प्लीटेड’ ही यादी तयारच असते.

शोधाच्या चौकटीत ‘निळी फाईल’ लिहूनही पाहा. काही ठिकाणी शोधात फक्त बाकी कामं येतात, झालेली वेगळी मागवावी लागतात. तुमच्या अ‍ॅपमध्ये कसं आहे हे चाचणीच्या कामावरच कळू दे. पंचायतीच्या खिडकीसमोर उभं राहून ते शोधत बसायची वेळ येऊ नये.

चुकून टिक झालं तर खाली काही सेकंद ‘अनडू’ दिसतं. ते निसटलं तरी हरकत नाही, कम्प्लीटेडमध्ये जाऊन टिक काढली की काम परत येतं.

२. टिक आणि डिलीट यांत गल्लत करू नका

काम झालं तर टिक. काम चुकून दोनदा लिहिलं गेलं असेल तर एक डिलीट. आणि काम करायचं नाही असं ठरलं तर? इथेच बहुतेकांचा गोंधळ होतो. यादीतून घालवायचं म्हणून न केलेलं काम टिक करतात, आणि सहा महिन्यांनी ते ‘झालं’ म्हणून समोर येतं. ‘दुसऱ्या खोलीचा पंखा बदलणे’ टिक केलेलं दिसतं, पंखा मात्र जुनाच कुरकुरत असतो.

टिकटिकमध्ये यासाठी ‘वोंट डू’ हा वेगळा पर्याय आहे आणि तो फार उपयोगी आहे. इतर अ‍ॅपमध्ये नावाच्या सुरुवातीला ‘रद्द –’ असं लिहून मग टिक करा. शक्य असेल तर कारणही लिहा: ‘रद्द – पंखा बदलणे – वायरमन म्हणाला कपॅसिटर बदलून चालेल.’ पुढच्या वर्षी तोच पंखा कुरकुरला की ही ओळ कामाला येईल.

३. ‘अर्ज दिला’ म्हणजे काम झालं नाही

या पायरीवर मी सगळ्यात जास्त भर देते, कारण सरकारी कागदांची कामं याच ठिकाणी निसटतात.

नाटकाच्या रात्रीसाठी ध्वनिक्षेपकाची परवानगी घ्यायची असते. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. सण आणि सांस्कृतिक कार्यक्रमांसाठी राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ पर्यंत सूट देऊ शकतं. आपल्याकडे जत्रेतलं नाटक पूर्वापार रात्री उशिरा उभं राहतं, म्हणून हा कागद हातात असल्याशिवाय चालत नाही. आता यादीत कोणी ‘साउंड परमिशन’ एवढंच लिहिलं आणि अर्ज देऊन आल्यावर आनंदाने टिक केली, तर बाकीच्या सगळ्यांना वाटणार की परवाना आला. जत्रेच्या आदल्या दिवशी कळतं की कागद अजून टेबलावरच आहे.

म्हणून एका कामाची तीन कामं करा:

- ध्वनिक्षेपक – अर्ज देणे, पोच घेणे
- ध्वनिक्षेपक – अर्ज कुठे पोचला ते विचारणे (तारीख घालून)
- ध्वनिक्षेपक – परवाना हातात, फोटो ग्रुपवर

पहिलं टिक करताना त्याच्या तपशिलात असं काही लिहिलेलं असावं: ‘अर्ज दिला. इनवर्ड नंबर पोचेवर आहे, पोचेचा फोटो जत्रा फोल्डरमध्ये. देवस्थान समितीचं ना-हरकत पत्र जोडलं. सोमवारनंतर या म्हणाले.’ आणि टिक करायच्या आधीच दुसऱ्या कामाला सोमवारची तारीख पडलेली असावी. क्रम महत्त्वाचा आहे. आधी टिक केली की फोन खिशात जातो आणि सोमवार डोक्यातून जातो.

घराच्या कामांनाही हाच नियम लावा. ‘वीज खात्यात तक्रार’ आणि ‘वीज आली’ ही दोन कामं. ‘पैसे पाठवले’ आणि ‘पावती आली’ हीही दोन. ज्या कामात चेंडू दुसऱ्याच्या अंगणात जातो, ते फक्त तुमच्यापुरतं झालेलं असतं.

काही जण यासाठी ‘थांबलेली’ अशी वेगळी यादी करतात, टोडोइस्टमध्ये त्याच नावाचं लेबल लावता येतं. कसंही करा. पण ती यादी दर आठवड्याला बघणार असाल तरच करा.

४. टिक करण्याआधी एक ओळ लिहा

प्रत्येक कामाला नको. दूध, पोदेराकडचे पाव, केबलवाल्याला फोन, ही कामं टिक करून विसरा. ओळ लिहायची ती चार प्रकारच्या कामांना: पैसे गेले किंवा आले, सरकारी कागद, दुरुस्ती, आणि पाहुण्यांशी किंवा गिऱ्हाइकांशी ठरलेली गोष्ट.

ओळीत काय असावं? किती पैसे, कोणाला, कागद कुठे, आणि पुढच्या वेळी काय लक्षात ठेवायचं. शेवटची गोष्ट लोक सोडतात, आणि पुढच्या वर्षी नेमकी तीच हवी असते. ‘टाकी साफ केली’ यापेक्षा ‘टाकी साफ केली, दोन माणसं लागली, झाकणाचा रबर फाटला आहे, पुढच्या वेळी नवा आणून ठेवणे’ ही ओळ कितीतरी मोलाची.

खोल्या भाड्याने देणाऱ्यांनी एक गोष्ट विसरू नये. विदेशी पाहुणा उतरला की २४ तासांच्या आत त्याची माहिती ऑनलाइन भरावी लागते. ते काम टिक करताना भरल्याची तारीख, वेळ आणि पोच कुठे सेव्ह केली ते लिहाच. पुढे कधी विचारणा झाली तर ‘भरलं होतं’ म्हणून भागत नाही, कागद दाखवावा लागतो. पाहुण्याचा पासपोर्ट नंबर मात्र यादीत लिहू नका. यादी चार जणांच्या फोनवर असते. कागद सुरक्षित फोल्डरमध्ये ठेवा आणि यादीत फक्त तो कुठे आहे ते लिहा. बँकेचे पासवर्ड आणि आधार नंबर यांनाही हाच नियम.

मायक्रोसॉफ्ट टू डू मध्ये कामाला फाईल जोडता येते, टोडोइस्टमध्ये कॉमेंटमध्ये फोटो टाकता येतो. सोय चांगली आहे, पण पावतीची एकच प्रत तिथे ठेवू नका. काम डिलीट झालं की जोडलेली फाईलही त्याच्याबरोबर जाते.

कामांची नावं नेहमी एकाच पद्धतीने लिहा. एकदा ‘घरपट्टी’, एकदा ‘हाऊस टॅक्स’, एकदा ‘पंचायतीत पैसे’ असं लिहिलंत तर शोधताना तीनपैकी दोन निसटतील. आमच्याकडे नावाचा पहिला शब्द ठरलेला असतो: घर, खोल्या, नाटक, चवथ. ‘घर – घरपट्टी भरणे.’ देवनागरीत लिहायचं की रोमनमध्ये हेही एकदाच ठरवा. अ‍ॅपला दोन्ही सारखीच वाटत नाहीत.

५. परत परत येणारी कामं: पुढची तारीख कुठून मोजायची?

नव्या माणसाला सगळ्यात जास्त घोळात टाकणारी गोष्ट ही. पुन्हा येणारं काम टिक केलं की पुढची तारीख आपोआप पडते. ती मोजण्याच्या दोन पद्धती आहेत.

पहिली, ठरलेल्या तारखेपासून. जीएसटीची नोंदणी असलेल्या आणि दरमहा रिटर्न भरणाऱ्या दुकानदाराला जीएसटीआर-३बी पुढच्या महिन्याच्या २० तारखेपर्यंत भरायचं असतं. तुम्ही १५ ला भरलं किंवा २० ला, पुढची तारीख २० च. जुन्या नळ्यांच्या घराचं शाकारणं तसंच: आपल्याकडे पाऊस जूनच्या पहिल्या आठवड्याच्या आसपास येतो, त्यामुळे काम एप्रिलमध्ये झालं काय नि मेमध्ये झालं काय, पुढच्या वर्षीची आठवण एप्रिलच्या सुरुवातीलाच यायला हवी. माणसं मिळायला तेवढा वेळ लागतोच.

दुसरी, काम केलेल्या तारखेपासून. पाण्याच्या फिल्टरची कँडल तीन महिन्यांनी बदलायची असेल आणि या वेळी तीन आठवडे उशीर झाला असेल, तर पुढचे तीन महिने बदललेल्या दिवसापासून मोजायला हवेत. एसीची सर्व्हिसिंग, टाकीची सफाई, कुत्र्याचं जंताचं औषध, सगळी याच गटातली.

टोडोइस्टमध्ये तारीख शब्दांत लिहिताना इंग्रजी ‘एव्हरी’ लिहिलं तर पहिली पद्धत, आणि ‘एव्हरी’ला चिकटून उद्गारचिन्ह दिलं तर दुसरी. टिकटिकमध्ये पुनरावृत्तीच्या सेटिंगमध्ये दोन्ही पर्याय आहेत. गूगल टास्क्समध्ये तारखा कॅलेंडरप्रमाणेच पडतात, त्यामुळे दुसऱ्या गटातल्या कामांना तिथे पुनरावृत्ती लावूच नका. काम टिक करताना हाताने नवं काम लिहा. कष्ट थोडे जास्त, पण तारीख बरोबर.

गाडीच्या पीयूसीसाठी पुनरावृत्तीच्या भानगडीत पडू नका. सर्टिफिकेटवर जी मुदत छापलेली आहे तीच खरी. जुनं टिक करताना नवी तारीख कागदावर पाहून टाका. विम्याचंही तसंच.

आणखी एक. टोडोइस्टमध्ये पुन्हा येणारं काम टिक केलं की ते यादीतून जात नाही, तेच काम पुढची तारीख घेऊन बसतं. मागच्या वेळी कधी केलं याची नोंद ‘अ‍ॅक्टिव्हिटी’मध्ये असते, आणि फुकटच्या योजनेत ती अ‍ॅक्टिव्हिटी मर्यादित काळाचीच दिसते. म्हणजे ‘गेल्या वर्षी टाकी कधी साफ केली’ याचं उत्तर तिथे मिळेलच असं नाही. अशा कामांच्या तपशिलातच तारखांची ओळ वाढवत न्या. काम तेच राहतं, त्यामुळे तपशीलही टिकून राहतो. मायक्रोसॉफ्ट टू डू मध्ये उलट आहे: टिक केलेली प्रत कम्प्लीटेडमध्ये जाते आणि पुढच्या तारखेची नवी प्रत तयार होते, त्यामुळे मागचा इतिहास आपोआप साठतो.

उपकामं असतील तर सावध राहा. टोडोइस्ट आणि गूगल टास्क्स या दोन्हींत मुख्य कामावर टिक पडली की खालची उपकामंही झाली असं धरलं जातं. ‘नेपथ्य’ या कामाखाली सहा उपकामं असतील आणि कोणी घाईत वरचं टिक केलं, तर पडद्याची दोरी आणायची राहिली हे कोणाला दिसणार नाही.

६. चवथीच्या यादीसारख्या याद्या: झालेलं पुन्हा वापरा

काही याद्या दर वर्षी जवळजवळ जशाच्या तशा लागतात. माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळाफुलांच्या चौकटीचं, सामान हे त्यातलं उत्तम उदाहरण. नारळाची पेंड, सुपारीचं शिपटं, तोरिंग, चिबूड, निरफणस, आंब्याचे टहाळे, आणि रानातून कोणी आणून दिलं तर मिळणाऱ्या फळांची रांग. दर वर्षी नव्याने लिहायला बसलं की दोन-तीन वस्तू राहतातच, आणि चवथीच्या आदल्या दिवशी बाजारात त्या मिळेपर्यंत जीव थाऱ्यावर राहत नाही.

अशा याद्यांना गूगल कीप फार चांगलं. चौकटींची यादी करा. आणलेली वस्तू टिक केली की ती खाली सरकते, वर फक्त बाकीचं राहतं. भर बाजारात एका हातात पिशव्या असताना हे फार सोयीचं पडतं. सण झाला की ही यादी पुसू नका. नोट अर्काइव्ह करून ठेवा. पुढच्या वर्षी बाहेर काढून मेनूतलं ‘अनचेक ऑल आयटम्स’ दाबा, सगळ्या टिका निघून यादी नवी होते. त्याच्या शेजारीच ‘डिलीट चेक्ड आयटम्स’ असतं, ते चुकून दाबू नका. कीपमधली नोट डिलीट झाली तर ट्रॅशमध्ये ७ दिवस असते, त्यानंतर कायमची जाते.

जी वस्तू मिळाली नाही ती टिक करू नका, ‘नाही मिळालं’ असं त्याच ओळीत लिहा. घरातल्या मोठ्यांनी एखाद्या वस्तूबद्दल काही सांगितलं असेल, कुठल्या बाजारात मिळते, कोणाच्या कुळागरात (पोफळीच्या बागेत) असते, तेही लिहा. आमच्या सासूबाईंनी एकेक करून सांगितलेली माहिती त्या यादीतच साठत गेली आहे.

नाटकाच्या प्रॉपर्टीची, पाहुणे गेल्यावर खोली आवरायची आणि प्रवासाच्या बॅगेची यादीही अशीच ठेवा.

७. सामाईक यादीत टिक कोणी करायची?

ज्याने काम केलं त्याने. दुसऱ्याने सांगितलं म्हणून आपण टिक करायची नाही, मग सांगणारा घरचा का असेना. ‘हो, दिलेत पैसे’ हे फोनवरचं वाक्य आणि यादीतली टिक यांत फरक ठेवलात तर पुढचे वाद वाचतात.

मंडळाच्या यादीत प्रत्येक कामापुढे एकाच माणसाचं नाव असू दे. दोन नावं असली की दोघेही दुसऱ्याने केलं असेल असं धरून चालतात. गूगल टास्क्सची यादी घरच्यांशी थेट शेअर करता येत नाही. त्यासाठी कीप, टू डू, टोडोइस्ट किंवा सगळ्यांकडे आयफोन असतील तर रिमाइंडर्स घ्या.

ज्येष्ठ मंडळी अ‍ॅप वापरत नसतील तर त्यांच्यावर लादू नका. त्यांनी काम केल्याचं कळवलं की टिक करायला एक माणूस नेमून द्या, आणि त्याने तपशिलात ‘काकांनी फोनवर सांगितलं’ एवढं लिहावं.

८. आठवड्याची आवराआवर

एक दिवस ठरवा. आमच्याकडे रविवारची संध्याकाळ असते, पाहुणे असले तर सोमवार. कम्प्लीटेड उघडायचं आणि वरून खाली जायचं. ज्याला ओळ लिहायची राहिली आहे तिथे आत्ता लिहा, आठवडाभराचं अजून आठवत असतं. एखादं काम टिक केलंय पण खरं झालेलं नाही असं दिसलं तर टिक काढा. किरकोळ कामं डिलीट करायची असतील तर करा, नाहीतर नुसती लपवा. लपवणं आणि डिलीट करणं यांत गल्लत नको. ‘हाइड कम्प्लीटेड’ म्हणजे फक्त पडदा ओढणं, आतलं सगळं शाबूत असतं.

गूगल टास्क्समधलं ‘डिलीट ऑल कम्प्लीटेड टास्क्स’ हे बटण सगळ्यात धोक्याचं. एका फटक्यात यादीतली सगळी झालेली कामं जातात. वर्षाची नोंद उतरवून घेतल्याशिवाय ते दाबूच नका. अ‍ॅपल रिमाइंडर्समधलं ‘क्लिअर’ त्यापेक्षा बरं, कारण तिथे महिन्यापेक्षा, सहा महिन्यांपेक्षा किंवा वर्षापेक्षा जुनी तेवढीच काढता येतात.

जत्रा संपली, नाटक झालं, की त्याचा अख्खा प्रोजेक्ट टोडोइस्टमध्ये अर्काइव्ह करा. तो समोरून जातो, पण हवा तेव्हा परत काढता येतो.

टिक केल्यावर वाजणारा आवाज सेटिंगमधून बंद करता येतो. टोडोइस्टमधले ‘कर्मा’चे गुणही बंद ठेवा. गुणांसाठी लोक बारीकसारीक कामं लिहून टिक करत सुटतात आणि कम्प्लीटेडमध्ये गर्दी होते.

९. वर्षाची नोंद अ‍ॅपबाहेर काढा

कुठल्याही अ‍ॅपवर कायमचा भरवसा ठेवू नये. वंडरलिस्ट हे टू-डू अ‍ॅप जगभर लोकप्रिय होतं. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये ते विकत घेतलं आणि ६ मे २०२० रोजी बंद केलं. याद्या टू डू मध्ये नेण्याची सोय दिली होती, पण ती ज्याने वेळेत वापरली त्यालाच तिचा फायदा.

स्प्रेडशीटमध्ये पाच रकाने पुरतात: तारीख, काम, रक्कम, कोणाला, कागद कुठे. महिन्यातून एकदा कम्प्लीटेडमधली महत्त्वाची कामं तिथे उतरवा. सगळी नकोत. घरपट्टी, वीज जोडणी, दुरुस्त्या, परवाने, मंडळाचे आगाऊ दिलेले पैसे, एवढीच. जीएसटी असलेल्यांनी लक्षात ठेवावं की हिशेबाचे कागद वार्षिक रिटर्नच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने जपावे लागतात. तेवढा काळ एखादं अ‍ॅप तुमच्या फोनवर राहील याची खात्री कोण देणार?

गूगलवाल्यांना ‘टेकआउट’मधून टास्क्स आणि कीपमधलं सगळं एकत्र उतरवून घेता येतं. फाईल वाचायला सोपी नसते, पण जपून ठेवायला ठीक. इतर अ‍ॅपमधून एक्सपोर्ट करताना उतरलेली फाईल उघडून पाहा: झालेली कामं तिच्यात आली आहेत का? पुष्कळदा एक्सपोर्टमध्ये फक्त बाकी कामं येतात. अ‍ॅप बदलायचं असेल तर जुनं काढून टाकण्याआधी ही तपासणी झालीच पाहिजे.

कॉम्प्युटरवर जास्त काम करणाऱ्यांना साधी टेक्स्ट फाईलही पुरते. ‘टूडू डॉट टीएक्सटी’ नावाची एक पद्धत आहे. तिच्यात झालेल्या ओळीच्या सुरुवातीला इंग्रजी बारीक ‘एक्स’ आणि तारीख येते, आणि अशा ओळी वेळोवेळी ‘डन’ नावाच्या दुसऱ्या फाईलमध्ये हलवतात. कुठलीही कंपनी बंद पडली तरी ती फाईल उघडते.

१०. यादी पुढच्याच्या हाती देताना

मंडळाचा सचिव बदलला की यादीही बदलणार. सामाईक यादी ज्याने बनवली त्याच्या खात्यावर असते. त्याने ती डिलीट केली किंवा शेअर करणं थांबवलं तर बाकीच्यांच्या फोनवरूनही जाते, कम्प्लीटेडसकट. म्हणून यादी कोणाच्या खासगी खात्यावर न ठेवता मंडळाच्या नावाने काढलेल्या ईमेलवर ठेवा. त्याचा पासवर्ड दोन पदाधिकाऱ्यांकडे असावा आणि रिकव्हरी नंबर गावातच राहणाऱ्या माणसाचा असावा. नोकरीला बाहेर गेलेल्या मुलाचा नंबर असेल तर ऐन वेळी ओटीपीसाठी त्याच्या मागे धावावं लागतं.

हस्तांतराच्या बैठकीत बाकी कामांबरोबर झालेली कामंही उघडा: परवान्यांसाठी कोणते कागद जोडले, कोणाला किती आगाऊ दिले, प्रकाशयोजनेचं सामान कुठून आणलं. नव्या सचिवाला फोन स्वतःच्या हातात घेऊन गेल्या वर्षीचं ध्वनिक्षेपकाचं काम शोधायला सांगा. त्याला पोचेचा फोटो सापडला की मग तुमचं नाव यादीतून काढा.